आखूड दोर

हिमनग जितका सावकाश डोलतो तितका तो धोक्याचा, हे इरावती कोचरेकर गेली कित्येक वर्षं लोकांना समजावून सांगत होती, आणि दर वेळी समोरचा माणूस म्हणायचा, "म्हणजे उलटंच की!"

उलटं काहीच नव्हतं. तळात शिसं भरलेली लाकडी बाहुली ढकलली की टुणकन उभी राहते, चार झटके देऊन स्थिर होते. तळातलं शिसं थोडं थोडं काढून घेत गेलं, तर तिचं डोलणं आळसावत जातं. कलली की जरा रेंगाळते, मग परत येते. आणखी शिसं काढलं की आणखी रेंगाळते. आणि मग एकदा कलते ती परत येत नाही. तरंगत्या बर्फाचंही तेच. हिमनगाचा थोडासा भाग वर दिसतो, बाकी सगळा पाण्याखाली असतो आणि तो रोज झिजत असतो. झिजता झिजता तोल संपत आला की नग इतका शांत, इतका गंभीर दिसायला लागतो की पाहणाऱ्याला वाटावं, याच्यासारखा भरवशाचा दुसरा नाही. अशातच तो उलटतो. लाखो टन बर्फ बघता बघता पालथा.

न्यूफाउंडलंडच्या पूर्वेच्या समुद्रात हे वेळेवर कळणं म्हणजे जगण्यामरण्याचा प्रश्न होता. ग्रीनलंडवरून तुटलेले हिमनग दर वसंतात प्रवाहाबरोबर दक्षिणेला येतात, आणि त्यांच्या वाटेत तेलाच्या तरंगत्या रिग उभ्या असतात. एखादा नग रिगच्या रोखाने येऊ लागला की दणकट टगबोट त्याच्याभोवती जाड दोर टाकते आणि त्याला ओढते. त्याला थांबवता येत नाहीच. त्याची वाट थोडी वळवायची, एवढंच. पण ओढताना तो उलटला, तर दोराच्या दुसऱ्या टोकाच्या माणसांचं काही खरं नाही.

इरावतीने 'तोल' बनवला तो त्यासाठी. एक ड्रोन नगावर जाऊन हातभर लांबीच्या खुंट्या रोवून येई. त्या खुंट्या त्याचं डोलणं मोजत. पाण्याखालून एक बिनमाणसाची छोटी पाणबुडी फेरी मारून, आवाजाच्या लहरींनी नगाच्या बुडाचा आकार टिपून आणी. दोन्ही मिळून 'तोल' एक रंग दाखवी: हिरवा, पिवळा किंवा लाल. 'तोल' आल्यापासून त्या समुद्रात नग ओढताना एकही बोट बुडाली नव्हती.

आणि म्हणूनच सगळं बदललं. पूर्वी नग बराच लांब असतानाच रिगवाले तेलाची विहीर बंद करून, पाइप सोडवून, रिग बाजूला न्यायच्या तयारीला लागत. आता रंग हिरवा दिसला की नग पार जवळ येईपर्यंत काम चालू राही. पूर्वी टगबोटीच्या कॅप्टनला "हा मी ओढणार नाही" म्हणायचा हक्क होता. आता 'तोल' हिरवा म्हणत असताना कॅप्टन नाही म्हणाला, तर त्याच्याकडे खुलासा मागत.

असा खुलासा सगळ्यात आधी ज्याच्याकडे मागितला गेला, तो 'पफिन' बोटीचा कॅप्टन मधुसूदन कोचरेकर. इरावतीचा थोरला भाऊ.

मधुसूदन या देशात आधी आला. वेंगुर्ल्याच्या बाजूच्या कोचऱ्यातून निघून मालवाहू जहाजांवर जग फिरला आणि शेवटी न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदरात टगबोटीवर रुजला. बहिणीला शिकायला त्यानेच बोलावून घेतलं. 'तोल'च्या पहिल्या चाचण्या त्याच्याच बोटीवरून झाल्या, ड्रोन यायच्या आधी थंडीने बोटं बधिर होईस्तोवर तो तिच्याबरोबर खुंट्या रोवायला जायचा. खुलासा मागितला गेला त्या संध्याकाळी तो तिच्या घरी आला आणि कोट न काढताच बसला.

"इरू, इतकी वर्षं नग ओढतोय मी. त्यात फार तर दोन-तीनदा नाही म्हणालो असेन. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आता कारण सांगता येत नाही, म्हणून माझं 'नाही' चालत नाही."

"पण दादा, तोच नग दुसऱ्या बोटीने ओढला. काही झालं नाही."

"नाही झालं. तुझं यंत्र बरोबर होतं. माझं म्हणणं ते नाहीच."

मग म्हणणं काय आहे, हे तिला त्या दिवशी कळलं नाही. तिने विचारलंही नाही. त्यानंतर दोघं बोलत ते कामापुरतं.

*

मे महिन्यातल्या त्या सकाळी समुद्रावर इतकं दाट धुकं होतं की 'केस्ट्रल' रिगच्या कठड्यावरून खालचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. इरावती रिगवरच्या हिमनग-कक्षात होती. उत्तरेकडून येणारा एक नग 'केस्ट्रल'च्या थेट रोखाने सरकत होता. रुंद, वरून सपाट, पूर्वेच्या बाजूला पाण्याखाली लांबवर गेलेला बर्फाचा एक पाय. 'तोल'ने रंग दिला: हिरवा.

तिने रेडिओ घेतला. "'पफिन', रंग हिरवा. दोर टाकायला हरकत नाही."

मधुसूदनचा आवाज आला, मराठीत. "इरू, हा मला बरा दिसत नाही."

"काय दिसतंय?"

"धुक्यात काय दिसणार? नुसता उभा आहे. एवढी लाट लागतेय, तरी दाद देत नाही."

तिने आकडे पुन्हा पाहिले. खुंट्यांच्या म्हणण्यानुसार नग बारीक बारीक, पण भरभर डोलत होता. भरभर म्हणजे चांगलं. "हिरवा आहे, दादा."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढचं इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "'पफिन' कामाला लागतेय."

दोर पडला, ताण आला, ओढणं सुरू झालं. पण नगाची वाट म्हणावी तशी वळेना. इरावतीने त्याचं कारण शोधायला खुंट्यांची मूळ नोंद पडद्यावर घेतली. 'तोल' ती नेहमी गाळून घेई. भरती-ओहोटीमुळे होणारी अगदी संथ हालचाल काढून टाकी, कारण तिचा तोलाशी संबंध नसतो. गाळण्याआधीची रेघ मात्र वेगळंच सांगत होती. भरभर डोलणाऱ्या बारीक रेघेखाली दुसरी एक संथ, लांबलचक लाट होती. नग पूर्वेला कलत होता, रेंगाळत होता, आणि परत येत होता तो पूर्ण येत नव्हता.

खुंटी घसरली असेल, असं तिला आधी वाटलं. तिने दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. सगळ्या तेच सांगत होत्या.

तिने पाणबुडीला पुन्हा नगाखाली पाठवलं आणि या वेळी आवाज बुडावरून परत घेण्याऐवजी बर्फाच्या आत घुसू दिला. आतून उत्तर आलं. नगाच्या पोटात पाणी होतं. थोडंथोडकं नाही, एक मोठं तळं. गेल्या काही वर्षांच्या कडक उन्हाळ्यांत ग्रीनलंडवर वितळलेलं पाणी भेगांतून आत उतरलं होतं आणि वरून बर्फाने झाकलं गेलं होतं. असा नग यापूर्वी कोणी मोजलेला नव्हता. 'तोल' प्रत्येक नगाला भरीव धरून चालत होता.

पाण्याने अर्धी भरलेली परात दोन्ही हातांवर घेऊन चालून पाहावं. परात जरा कलली की पाणी त्याच बाजूला धावतं, ती बाजू आणखी जड होते, आणखी कलते. भरीव दगड ठेवलेली परात असं करत नाही. या नगाच्या पोटात परात होती. बारीक भरभर हालचाल ही बाहेरच्या लाटांची थरथर होती. त्याचं स्वतःचं डोलणं ही ती संथ लाट होती, जी तिचं यंत्र कचरा म्हणून फेकून देत होतं.

आणि त्या नगाभोवती दोर टाकून मधुसूदन त्याला ओढत होता.

*

रिगचा प्रमुख फेलिक्स नूनन धावतच आला. आडव्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. तिने सांगितलं ते त्याने उभ्यानेच ऐकलं.

"म्हणजे ओढणं थांबवायचं?"

"थांबवलं तर तो सरळ आपल्यावर येतो."

"आणि ओढत राहिलो तर?"

"कधीही उलटेल. कुठल्या बाजूला, कुठे, सांगता येत नाही. रिगजवळ उलटला तर त्याच्या लाटेनेच आपले पाइप तुटतील. विहीर उघडी आहे, नूनन. रिग पेटेल."

विहीर उघडी होती, कारण रंग हिरवा होता. ती बंद करून पाइप सोडवायला निदान दुपार झाली असती, आणि नग त्याच्या खूप आधी पोचणार होता. धुक्यात हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. जीवरक्षक होड्या होत्या. पण खाली लाटांमध्ये बर्फाचे घरांएवढे तुकडे आपटत होते. नूननने तरी होड्या तयार ठेवायला सांगितल्या. त्याचा आवाज शांत होता, हात मात्र कानामागची एकच जागा खाजवत राहिला.

"रिगवर किती माणसं आहेत हे तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "काहीतरी सांग मला. काहीही."

इरावती समुद्रतळाच्या नकाशाकडे पाहत होती. रिग आणि नग यांच्यामध्ये समुद्राच्या तळाला एक उंचवटा होता. नगाचं बूड त्याच्यावरून सहज निघून जाईल इतपत खोल. पण पूर्वेचा तो पाय. नग पूर्वेला उलटला, तर आडवा पाय खाली वळेल. उभा होईल. आणि उभा झालेला पाय त्या उंचवट्यावर रुतेल, नांगर रुतावा तसा.

"त्याला उलटवायचं," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कोणाचा वाटला. "उंचवट्यावर असतानाच. पूर्वेला."

"हे होईल याची खात्री किती?"

तिने 'तोल'ला विचारलं नव्हतं. विचारून उपयोग नव्हता. 'तोल'ला पोटात पाणी असलेला नग माहीतच नव्हता. "खात्री नाही. अंदाज आहे."

नूननने तिच्याकडे पाहिलं आणि रेडिओ तिच्यासमोर सरकवला. "त्याला तूच सांग."

*

आपण इतकी वर्षं जे करू नका म्हणून सांगितलं तेच करायला सांगायचं, आणि तेही दादाला.

हिमनग ओढताना दोर लांब ठेवतात. लांब दोर पाण्यात झोळ खातो, ओढ नगाला खालून लागते, आणि नग कलंडत नाही. शिवाय बोट दूर राहते. दोर आखूड केला की ओढ वरून लागते, ज्याला उलटायचंच आहे त्याला उलटवते. पण मग बोटही त्याच्या जवळ येते.

"दादा, 'तोल' चुकलाय."

ती जेवढं सांगायचं तेवढं सांगून गेली. पोटातलं पाणी, उंचवटा, पाय.

"म्हणजे पूर्वेकडून, आखूड दोराने," मधुसूदन शेवटी म्हणाला.

"हो."

"तो माझ्याच अंगावर यायला हवा."

"तुझ्या बाजूला यायला हवा. नग कलायला लागला की मी इथून सांगेन. तू धुक्यात पाहू शकणार नाहीस, मी खुंट्यांवरून पाहते. मी सोड म्हटलं की दोर सोडायचा आणि पळायचं. दादा, तू नाही म्हणू शकतोस. मी नूननला सांगेन. तुझ्याकडे कोणी खुलासा मागणार नाही."

"हे यंत्र सांगतंय का?"

"नाही. यंत्राला यातलं काही माहीत नाही. मी सांगतेय."

"मग ठीक आहे," मधुसूदन म्हणाला. "तुझ्याशी वाद घालता येतो तरी. नंतर घालीन."

त्याने बोटीवरच्या माणसांना जमवलं आणि बहिणीने सांगितलेलं सगळं इंग्रजीत सांगितलं, काही गाळलं नाही. रेडिओ उघडाच होता, इरावती ऐकत होती. मग त्याने त्यांना रिगच्या छोट्या, बर्फ सोसणाऱ्या बचावबोटीत जायला सांगितलं. बोट चालवायला तो पुरेसा होता. पण मागच्या डेकवर विंचवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या यंत्रावर, एक माणूस हवा होता.

"विंच माझी आहे," एक जाड आवाज म्हणाला. तो लेव्ही पिंटर. जवळच्याच किनाऱ्यावरच्या गावचा. मधुसूदनबरोबर इतकी वर्षं काढलेला की जेवताना आधी त्याच्या डब्यातलं लोणचं उचलायचा. "दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही कधी, आज कशाला?"

"लेव्ही, ती काय म्हणाली ते नीट ऐकलंस ना?"

"ऐकलं. खात्री नाही म्हणाली. तुझ्या बायकोच्या स्वयंपाकाचीही नसते. चला."

'चला' हा एक मराठी शब्द त्याला येत असे.

*

बचावबोट बाकीच्यांना घेऊन निघाली. 'पफिन' वळसा घालून पूर्वेला गेली. विंचचा आवाज रेडिओवरून येत राहिला. दोर आत येत होता, अंतर कमी होत होतं. रिगवर सगळे पाण्यात तगवणारे केशरी पोशाख चढवून होड्यांपाशी उभे होते.

इरावतीसमोर पडद्यावर एक रेघ होती. नगाचं कलणं.

"उंचवट्यावर आलाय," ती म्हणाली. "ओढ."

'पफिन'च्या इंजिनांनी पूर्ण जोर लावला. रेघ हलली नाही.

"ओढतोय," मधुसूदन म्हणाला. "ढिम्म आहे."

"आणखी."

"आणखी नाहीये, इरू."

नग पुढे सरकत होता. उंचवटा त्याच्या खालून निघून चालला होता. तो संपला की पुढे खोल पाणी आणि मग 'केस्ट्रल'. तिने नकाशाकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. नूनन तिच्या मागे उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. सगळा अंदाज चुकला, असं तिच्या मनात स्पष्ट आलं. दादाला तिथे उगाच पाठवलं.

मग तिला ती संथ लाट आठवली. नग स्वतः डोलत होता. पूर्वेला जाई, रेंगाळे, मागे येई. पाळण्याला झोका देताना तो परत येत असताना ढकललं तर हात दुखतो. जात असताना ढकलावं लागतं.

"दादा, सोड जोर. इंजिन कमी कर."

"काय?"

"कमी कर! मी सांगेन तेव्हा लाव."

रेघ मागे आली. थांबली. पूर्वेकडे झुकायला लागली. "आता!"

इंजिनं गरजली. रेघ झुकली, नेहमीपेक्षा जास्त झुकली, रेंगाळली. "कमी!" पुन्हा मागे आली, पण कमी आली. आतलं पाणी आता पूर्वेलाच राहत होतं. "आता! लाव, लाव!"

रेघ वाकली आणि वाकतच गेली.

"सोड!" ती ओरडली. "दादा, सोड!"

विंचचा खटका पडल्याचा आवाज आला. मग लेव्हीची शिवी. सुटलेल्या दोराचं टोक मागच्या लोखंडी कठड्यात अडकलं होतं आणि नग कलंडता कलंडता बोटीला मागे खेचत होता. मधुसूदन ओरडला, "राहू दे, आत ये!" लेव्ही काहीतरी म्हणाला ते कळलं नाही. कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. एक. दुसरा. दोर तुटल्याचा, बंदुकीसारखा आवाज झाला आणि 'पफिन' पुढे उसळली.

आणि धुक्यात, कोणाला न दिसता, तो नग उलटला.

दिसलं काहीच नाही. आधी एक लांब, खोल कण्हणं आलं. मग पायाखालची रिग हलली. समुद्राच्या तळावर काहीतरी आपटलं होतं आणि तो धक्का विहिरीच्या पाइपांतून वर आला होता. भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं. लाट आली, रिगने ती सोसली. पडद्यावर नगाची जागा दाखवणारा ठिपका होता, तो थरथरला आणि थांबला.

रुतला होता. पाइप शाबूत होते.

बाहेर डेकवर कोणीतरी आनंदाने ओरडलं, मग सगळेच ओरडायला लागले. इरावतीने रेडिओ घट्ट धरला होता. "'पफिन'. दादा. 'पफिन'." उत्तर नव्हतं. नग उलटताना त्याच्या बुडाचा एक तुकडा मोडला होता. पाण्याखाली मोडलेला बर्फ बाणासारखा वर येतो. तो 'पफिन'च्या मागच्या अंगाखालीच वर आला होता.

बचावबोटीला मधुसूदन सापडला तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. लेव्ही सापडला नाही.

*

सेंट जॉन्सच्या इस्पितळात मधुसूदनच्या बरगड्या आणि एक पाय सांधत होते तेव्हा इरावती त्याच्याजवळ बसून हिशेब करत होती. नगाचा आकार, पोटातल्या पाण्याचा अंदाज, वारा, प्रवाह. आतलं पाणी नेमकं किती होतं ते आता कळणं शक्य नव्हतं. म्हणून तिने ते कमी-जास्त धरून हजारो वेळा तोच नग संगणकात सोडला, ओढणाऱ्या बोटीशिवाय. सोडून पाहिला, पुसला, पुन्हा सोडला.

तिच्या कंपनीतून फोन येत होते. आता ठरवून नग उलटवता येतील, ही नवी सोय 'तोल'मध्ये कधी घालता येईल, असं एक उत्साही आवाज विचारत होता. "तो अंदाज होता," ती म्हणाली. "बरोबर आलेला अंदाज," आवाज म्हणाला. तिने फोन ठेवला, आणि त्या आठवड्यात 'तोल'मध्ये एकच बदल केला. हिरवा रंग काढून टाकला. पिवळा आणि लाल, एवढेच ठेवले. तो बदल कंपनीने काही दिवसांत परत फिरवला, आणि तिने नोकरी सोडली.

मधुसूदनला बोलता येऊ लागलं त्या दिवशी त्याने बायकोची चौकशी केली, पाणी मागितलं, आणि मग छताकडे पाहत विचारलं, "आम्ही ओढला नसता तर तो आपणहून उलटला असता का?"

तिला वाटलं होतं, हा प्रश्न तो विचारणार नाही.

"साधारण निम्म्या वेळा," ती म्हणाली. "निम्म्या वेळा तो त्याच उंचवट्यावर आपणहून उलटतो."

"वाद घालायचा होता तुझ्याशी," तो म्हणाला. "आता काय घालणार." नंतर म्हणाला, "लेव्हीच्या घरी जायचंय. चालता आलं की. तू बरोबर चल."

"दादा, मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"हेच. आणि हे जे आत्ता मला सांगितलंस ते लेव्हीच्या बायकोलाही सांगायचं. तिने विचारलं नाही तरी."

*

लेव्हीचं गाव खडकांवर वसलेलं होतं. गाडी जाईल तिथवर गेली, पुढे मधुसूदन कुबड्यांवर चालला. लेव्हीची बायको डोरिस अंगणात होती. हिवाळ्यात गावातले रस्ते मोकळे करणारं बर्फकाढणीचं यंत्र तीच चालवायची. त्याचं पुढचं पातं उतरवून ती गंज खरवडत होती. कोपरापर्यंत हात काळे झाले होते. तिने मधुसूदनला ओळखलं, इरावतीकडे पाहिलं, आणि दोघांना बसा म्हटलं नाही.

मधुसूदनने कठड्याचं सांगितलं, कुऱ्हाडीचं सांगितलं. "मी त्याला आत बोलावलं होतं. तो आला असता तर दोघंही गेलो असतो. त्याने दोर तोडला म्हणून मी आहे."

"हे मला सांगितलंय लोकांनी," डोरिस म्हणाली.

मग इरावती बोलली. बेत आपला होता, हे तिने आधी सांगितलं. मग निम्म्या वेळांचं सांगितलं. तिने ते सोपं करून सांगितलं नाही आणि कठीणही केलं नाही.

डोरिसच्या हातातली खरवडणी थांबली. "म्हणजे निम्म्या वेळा लेव्ही घरी येतो, आणि कोणाचंच काही बिघडत नाही."

"हो."

"आणि उरलेल्या निम्म्यात?"

"तो आपटतो. विहीर उघडी होती. रिगवरचं बहुतेक कोणीच वाचत नाही."

वारा सुटला होता. खाली खडकांवर पाणी आपटत होतं. डोरिस उठली. ती आता आत जाऊन दार लावून घेईल, असं इरावतीला वाटलं. तसं तिने केलं असतं तर सोपं झालं असतं. डोरिसने फडक्याला हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले, डाग जात नव्हते.

"निम्मं वगैरे मला कळत नाही," ती म्हणाली. "रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मी काय निम्म्याचा विचार करू? मला माणूस लागेल. त्या रिगवरचं एखादं नाव सांगा. कोणीतरी, जो आज आहे."

इरावतीला आधी नूनन आठवला, पण तो नको वाटला.

"रूबी हिस्कॉक," ती म्हणाली. "रिगच्या स्वयंपाकघरात पाव भाजते. तिचा पाव नेहमी एका बाजूने करपतो. सगळे तिला चिडवतात."

डोरिसने फडकं पायरीवर ठेवलं.

"मुलंबाळं?"

"एक मुलगी. यंदाच्या वसंतात पोहायला शिकली. रूबी सगळ्यांना तिचा व्हिडिओ दाखवत फिरत होती, आम्ही कंटाळून गेलो होतो."

"कंटाळून गेलो होतो," डोरिस पुटपुटली, आणि तिचा चेहरा एकदम पिळवटला. तिने तो काळ्या हातांनी झाकला. मधुसूदन कुबडी टाकून पुढे झाला, पण तिने हात वर करून त्याला थांबवलं. बऱ्याच वेळाने तिने चेहरा वर केला. गालांवर ग्रीसचे पट्टे उमटले होते. पायरीवर पडलेली हत्यारं तिने पायाने बाजूला सारली, दोघांना बसायला जागा केली.

"दुसरं," ती म्हणाली. "दुसरं नाव सांगा."